उतरणाऱ्यांचा इतिहास



परवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक व्हिडिओ फिरत होता. कुठल्याशा उंच इमारतीवरून एक स्टंटमन दोराच्या आधाराने विक्रमी वेगात खाली उतरण्याचा प्रयत्न करतोय, खाली माणूस स्टॉपवॉच घेऊन उभा, वगैरे. आमच्या टेबलवर लगेच प्रश्न निघाला, की डब्लिनमध्ये असं काही करायचं तर कुठून करणार? आणि सगळे हसले. कारण डब्लिनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की या शहराला उंचीचं वावडं आहे. लिफीच्या काठावरचा लिबर्टी हॉल १९६५ साली बांधून पूर्ण झाला. १६ मजले, ५९.४ मीटर. आपल्या मुंबई-ठाण्याच्या हिशोबाने ही एक मध्यम उंचीची सोसायटी झाली. पण हीच इमारत कित्येक वर्षं डब्लिनची 'गगनचुंबी' म्हणून ओळखली गेली. पुढे १९६८ मध्ये कॉर्कच्या काउंटी हॉलने देशातला उंचीचा मान तिच्याकडून घेतला, २००८ मध्ये तो कॉर्कच्याच एलिसियनकडे गेला आणि २०१८ मध्ये डब्लिनच्या कॅपिटल डॉकने ७९ मीटर गाठले.

जेवण संपलं, व्हिडिओ संपला, पण डोक्यातून विषय जाईना. मला एक गोष्ट खटकली. वर चढणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात. दोराने खाली उतरणाऱ्यांचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही. तोच जमेल तसा सांगायचा हा प्रयत्न. मी इतिहासकार नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे, तेव्हा चूभूद्याघ्या.

आपले दोर

सुरुवात घरापासूनच करू. मराठी माणसाच्या डोक्यात दोर म्हटला की पहिल्यांदा सिंहगड येतो. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, तानाजी मालुसरे आणि मावळे द्रोणागिरीच्या कड्यावरून दोराने वर गेले. घोरपडीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे, पण अभ्यासक ती खरी मानायला तयार नसतात, आणि ज्यांनी कधी घोरपड पाहिली आहे त्यांनाही ती पटत नाही. ते असो. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तानाजी पडल्यावर मावळ्यांचा धीर सुटला, ते आल्या वाटेने परत फिरायला लागले, तेव्हा सूर्याजीने सांगितलं की कड्याचे दोर मी कापून टाकलेत. परंपरेने चालत आलेली ही कथा आहे. त्यातला तपशील किती खरा हे सांगणं अवघड, पण भाषेत ती कायमची बसली. 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार आपण नोकरी सोडताना वापरतो, घर विकताना वापरतो, परदेशात आल्यावर तर फारच वापरतो.

आता या वाक्प्रचाराकडे जरा तिरक्या नजरेने बघा. वर जाणारा दोर म्हणजे पराक्रम आणि खाली जाणारा तोच दोर म्हणजे पळपुटेपणा. उतरणं म्हणजे माघार. आपल्या मनात हे इतकं पक्कं आहे की दोर कापणारा सूर्याजी आपल्याला शहाणा वाटतो. त्या रात्री तो होताही. पण हाच नियम एरवी लावला तर डोंगरात माणसं मरतात. कुठल्याही गिर्यारोहकाला विचारा, अपघात चढताना जितके होतात त्याहून भीती उतरतानाची असते. माणूस दमलेला असतो, उजेड जात असतो, आणि 'झालं एकदाचं' म्हणून लक्ष सुटलेलं असतं.

आपल्याकडे उतरण्यासाठीच लक्षात राहिलेली बहुधा एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे हिरकणी. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ही गवळण कडा उतरून रात्रीच खाली गेली, अशी ती कथा. पुढे त्या जागी बुरूज बांधला गेला, तो हिरकणी बुरूज. ही दंतकथा आहे हे मान्य. पण दंतकथेलाही एक नेमकेपणा असतो. हिरकणी किती वेळात उतरली हे कुठलाही कथेकरी सांगत नाही. कोणी विचारतही नाही. ती का उतरली, एवढंच सांगतात.

ॲरनचे कडेवाले

आता आयर्लंड. या देशात इमारती बुटक्या असल्या तरी कडे बुटके नाहीत. मोहरचे कडे २१४ मीटर, म्हणजे साडेतीन लिबर्टी हॉल एकावर एक. डोनेगलमधलं स्लीव्ह लीग ६०१ मीटर. गॉलवेच्या समोर समुद्रात ॲरन बेटं आहेत, त्यातल्या इनिश मोरवर डून एंगस नावाचा प्राचीन दगडी कोट आहे. तो सुमारे १०० मीटर उंच कड्याच्या थेट काठावर उभा आहे. पाहुणे आले की आपण त्यांना हमखास तिथे नेतो. काठावर आडवं पडून खाली बघायचं, फोटो काढायचे आणि परतीची बोट पकडायची.

याच बेटावर एके काळी एक व्यवसाय होता. आयरिश भाषेत कड्याला 'अल्य' म्हणतात आणि कड्यावर उतरणाऱ्या माणसाला 'अल्यदोर'. शेवटचा 'दोर' ऐकून मला मजा वाटली, पण आपल्या दोराशी त्याचा काही संबंध नाही, आयरिशमध्ये तो नुसता 'करणारा' अशा अर्थाचा प्रत्यय आहे. योगायोग सुंदर आहे, एवढंच. हे अल्यदोर संध्याकाळी दोराला बांधून कड्यावरून खाली सोडले जात. खडकाच्या अरुंद पट्ट्यांवर समुद्रपक्षी रात्री विसावतात, तिथे अंधारात त्यांना पकडायचं. रात्र त्याच कपारीत काढायची, आणि सकाळी वरच्या माणसांनी दोर ओढून माणूस आणि शिकार दोन्ही वर घ्यायचे. मांस खायला, पिसं विकायला.

जरा चित्र डोळ्यासमोर आणा. रात्रभर एका फूट-दीड फुटाच्या पट्टीवर, खाली अटलांटिक. दोर कुणाच्या हातात? आपल्याच गावच्या माणसांच्या. सकाळी ते येतील यावर पूर्ण भरवसा. या कामात वेगाला काहीही किंमत नव्हती. किंमत होती ती दोराला आणि दोर धरणाऱ्याला.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा म्हणून याहून दूरचं बेट आहे. तिथली वस्ती तर पक्ष्यांवरच जगत होती. दोर ही तिथे घरातली मोलाची वस्तू मानली जाई आणि ती वारशाने पुढच्या पिढीकडे जाई. आपल्याकडे जमिनीचा तुकडा किंवा आजीच्या पाटल्या, तसा त्यांच्याकडे दोर. २९ ऑगस्ट १९३० ला शेवटच्या ३६ माणसांनी ते बेट कायमचं सोडलं, आणि ती कलाही त्यांच्याबरोबर गेली.

ॲरनवर मात्र १९३४ मध्ये एक वेगळीच गोष्ट घडली. रॉबर्ट फ्लाहर्टी या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'मॅन ऑफ ॲरन' हा चित्रपट आला. माहितीपट म्हणून तो जगभर गाजला. त्यात बेटावरची माणसं उसळत्या समुद्रात छोट्या होड्यांतून प्रचंड शार्क माशांची शिकार करताना दिसतात. खरी गोष्ट अशी की ही शिकार बेटावर कित्येक दशकांपूर्वीच बंद पडली होती. चित्रपटासाठी लोकांना ती नव्याने शिकवावी लागली. म्हणजे आजोबांनी जे पोटासाठी केलं ते नातवांनी कॅमेऱ्यासाठी केलं. समुद्र तोच, होडी तीच, जीव जायची शक्यताही तीच. कामाचा स्टंट नेमका कधी होतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

'रॅपल' म्हणजे काय

दोराने उतरण्याचं आजचं तंत्र मात्र आल्प्समधलं. शामोनीचा ज्याँ शार्ले नावाचा वाटाड्या होता. त्याने इझाबेला स्ट्रॅटन या इंग्रज गिर्यारोहक बाईंशी लग्न केलं आणि स्वतःच्या आडनावाला बायकोचं आडनाव जोडून शार्ले-स्ट्रॅटन झाला. (१८७६ च्या जानेवारीत माँ ब्लाँची पहिली हिवाळी चढाई या बाईंनी केली, तेव्हा हाच वाटाड्या बरोबर होता.) त्याच वर्षी तो पेती द्र्यू नावाच्या सुळक्यावर गेला. माथा काही मिळाला नाही, पण उतरताना त्याने एक युक्ती काढली. दोर दुहेरी करून खडकाच्या सुळक्याभोवती टाकायचा, दोन्ही पदरांवरून खाली उतरायचं, आणि मग एक पदर ओढून अख्खा दोर खाली घ्यायचा. पुढच्या टप्प्याला तोच दोर पुन्हा. १८७९ मध्ये दोन साथीदारांसह त्याने तो सुळका सर केला.

आता यातली गंमत बघा. 'रॅपल' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ आहे 'परत बोलावणे'. दोराला परत बोलावून घ्यायचं म्हणून रॅपल. म्हणजे आपण लोणावळ्याला जाऊन जे 'रॅपलिंग' करतो त्याचं शब्दशः मराठी करायचं तर 'परतीचा दोर' असंच होईल! आपण ज्या गोष्टीवर कापण्याचा वाक्प्रचार केला, तिच्यावर त्यांनी एक शास्त्र उभं केलं. आणि लक्षात घ्या, ही युक्ती निघाली ती अपयशी चढाईत. सुखरूप खाली यायची सोय झाली म्हणून तो तीन वर्षांनी पुन्हा वर जाऊ शकला.

पुढे जर्मन गिर्यारोहक हान्स ड्युल्फर याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत रूढ झाली. दोर दोन पायांतून घ्यायचा, छातीवरून तिरका न्यायचा आणि खांद्यावरून पाठीमागे सोडायचा. हार्नेस नाही, लोखंड नाही. घर्षण सगळं अंगावर. ड्युल्फर स्वतः १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात तेविसाव्या वर्षी मारला गेला, पण त्याची पद्धत पुढची कित्येक दशकं चालली. या पद्धतीत एक अंगभूत शिस्त होती. जोरात उतरलात तर मांडी आणि खांदा भाजायचा. वेग किती झाला ते सांगायला वेगळं यंत्र नको, कातडीच सांगायची.

मग दोर बदलला. १९३५ मध्ये ड्युपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्सने नायलॉन बनवलं, आणि ताग-मनिलाच्या दोरांची जागा हळूहळू नायलॉनने घेतली. १९५३ मध्ये एडेलरिड या जर्मन कंपनीने आत गाभा आणि बाहेर विणलेलं वेष्टण असा दोर काढला. आज आपण जो वापरतो तो हाच. आणि अंगाऐवजी धातूची उतरणी आली, म्हणजे 'फिगर ऑफ एट' वगैरे. अंग भाजायचं थांबलं. पण त्याचबरोबर अंगाने इशारा देणंही थांबलं.

एक कप चहाचा हिशोब

आता इंजिनिअर आहे म्हटल्यावर थोडा हिशोब आलाच. लिबर्टी हॉलएवढ्या, म्हणजे साधारण ६० मीटर उंचीवरून ७० किलोचा माणूस खाली आला तर ७० गुणिले ९.८ गुणिले ६०, म्हणजे सुमारे ४१ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. खाली पोचल्यावर माणूस जमिनीवर शांत उभा राहणार असेल, तर यातली जवळजवळ सगळी ऊर्जा घर्षणाने उष्णतेत जाते. ४१ किलोज्यूल म्हणजे किती? १२० मिलिलिटर पाणी २० अंशांवरून उकळी येईपर्यंत तापवायला जेवढी लागते तेवढी. म्हणजे बरोबर एक कप चहा. :-)

लोकांचा एक गैरसमज असतो की जोरात उतरलं की उष्णता जास्त होते. तसं नाही. उंची तीच, वजन तेच, तर उष्णताही तीच. फरक पडतो तो वेळेत. तेच अंतर एका मिनिटात उतरलात तर सरासरी ६८६ वॅट. धातू हळूहळू तापतो, निम्मी-अर्धी उष्णता हवेत आणि लांबच लांब दोरावर पसरून जाते. तेच १० सेकंदांत उतरलात तर ४ किलोवॅटहून जास्त, म्हणजे इथल्या दोन विजेच्या किटल्या एकाच वेळी चालू. ती उष्णता एका मुठीएवढ्या ॲल्युमिनियममध्ये कोंडली जाते. नायलॉन सुमारे २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतं, आणि मऊ पडायला लागतं ते त्याच्या बरंच आधी. तापलेली उतरणी चालत्या दोरावर असेपर्यंत निभावतं, कारण दर क्षणी दोराचा नवा थंड भाग समोर येतो. खरा धोका असतो मध्येच थांबलात तर. तेव्हा सगळी उष्णता दोराच्या एकाच इंचावर.

दुसरी गोष्ट थांबण्याची. काहीच न अडवता ६० मीटर पडायला साडेतीन सेकंद लागतात. म्हणजे विक्रम करू पाहणाऱ्याची लढाई घसरण्याशी नसते, पडणं फुकट आहे. लढाई असते ती शेवटच्या काही मीटरमध्ये थांबण्याशी. सेकंदाला १० मीटर वेगाने येणारा माणूस ५ मीटरांत थांबला तर दोरावर आणि वरच्या अँकरवर त्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट भार येतो. तोच एका मीटरमध्ये थांबला तर सहापट. म्हणून वेगाने उतरण्याचं खरं कौशल्य ब्रेक लावायला किती उशीर करायचा, यात आहे. आणि हे कौशल्य चुकलं तर दुसरी संधी नसते.

माझी फुशारकी

इथे एक कबुली द्यायची आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही कॉलेजची पोरं लोणावळ्याजवळच्या एका कड्यावर रॅपलिंगला गेलो होतो. माझी ती चौथी-पाचवी वेळ, म्हणजे स्वतःला तज्ज्ञ समजण्याचं वय. खाली ग्रुपमधल्या मुली उभ्या होत्या हेही सांगून टाकतो. मी वरूनच ओरडलो, "घड्याळ लावा रे!" आणि सुटलो. भिंतीवर तीन-चार लांब उड्या, मध्ये एकदा सणकन ब्रेक, पुन्हा उड्या. खाली टाळ्या. उतरणी काढायला हात लावला तर बोटं पोळली, तीही मी हसण्यावारी नेली.

दोर सांभाळायला आमच्याबरोबर एक सीनियर होता, फारसा न बोलणारा. तो खाली आला, काही न बोलता दोर हातात घेऊन हाताने चाचपत वर-वर गेला आणि जिथे मी मध्येच ब्रेक मारला होता ती जागा माझ्या हातात दिली. वेष्टण तिथे चकचकीत आणि कडक झालं होतं, इस्त्री लागलेल्या टेरिकॉटसारखं. तो एवढंच म्हणाला, "तू उतरलास रे. पण पुढचा याच दोरावरून येणार होता."

रांगेत माझ्या मागे पहिल्या वर्षाचा एक मुलगा होता. तो पहिल्यांदाच आला होता.

दोर बाद केला. त्या दिवशी उरलेल्या नऊ जणांचं रॅपलिंग झालं नाही, आणि वर्गणीतून नवा दोर घ्यायला पुढे पाच महिने लागले. मला कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

वेग खरोखर कुठे लागतो

याचा अर्थ वेगाने उतरणं हा नुसता खुळेपणा आहे असं नाही. ५ मे १९८० ला लंडनमध्ये इराणच्या वकिलातीत ओलिसांना सोडवायला ब्रिटिश एसएएसचे जवान छतावरून दोराने उतरले. टीव्हीवर स्नूकरच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता, तो मध्येच तोडून बीबीसीने हे थेट दाखवलं. 'ॲबसेलिंग' हा शब्द ब्रिटनमध्ये घराघरात पोचला तो बहुधा त्या संध्याकाळी. (मूळ जर्मन शब्द, 'दोराने खाली'.) ती कारवाई १७ मिनिटांत संपली. पण त्या चित्रांमागची एक गोष्ट कमी सांगितली जाते. मागच्या बाजूने उतरणारा एक जवान दोरात गुंतून लटकून राहिला. त्याला सोडवण्याच्या गडबडीत खिडकीची काच फुटली, आवाज झाला आणि कारवाई ठरल्याआधीच सुरू करावी लागली. नंतर खिडकीतून आलेल्या आगीने तो लटकलेल्या अवस्थेतच भाजला. जगातलं सर्वांत सराव केलेलं पथक, तरी दोराने आपलं खरं केलं.

आणि आपल्यापैकी कोणी २८ नोव्हेंबर २००८ ची सकाळ विसरणं शक्य नाही. कुलाब्यात नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून एनएसजीचे कमांडो एकामागून एक दोरावरून घसरत उतरले. त्या जाड दोराला ना हार्नेस, ना उतरणी, फक्त हातमोजे आणि पकड. तिथे वेगाला अर्थ होता, कारण हवेत लटकलेला प्रत्येक सेकंद म्हणजे गोळीचं लक्ष्य. त्या इमारतीत हवालदार गजेंद्र सिंग यांनी प्राण दिले. त्यांच्या उतरण्याची वेळ कोणी मोजली नाही, आणि मोजायची गरजही नव्हती.

मग स्टंटवाले. त्यातला मला सर्वांत अभ्यासू वाटतो तो अमेरिकेचा डार रॉबिन्सन. टोरांटोच्या सीएन टॉवरवरून तो १९७९ मध्ये एका चित्रपटासाठी पॅराशूटने, आणि १९८० मध्ये पॅराशूटशिवाय, फक्त एका बारीक तारेच्या आधाराने खाली आला. तारेचा वेग हळूहळू कमी करणारं यंत्र त्याने विकसित केलं होतं. म्हणजे वर म्हटलेला थांबण्याचा प्रश्नच त्याने सोडवला होता. हा माणूस नशिबावर काही सोडत नसे. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला तो एका चित्रीकरणात, तुलनेने साध्या मोटरसायकलच्या प्रसंगात. अवघड गोष्टीत माणूस शंभर वेळा तपासतो, सोप्यात तपासत नाही.

त्याच सीएन टॉवरवरून १ जुलै १९९२ ला ब्रिटनच्या रॉयल मरीन्सचे १२ आणि कॅनडाच्या बचाव-प्रशिक्षण संस्थेचे १२ असे २४ जण ४४६.५ मीटर दोराने खाली उतरले. इमारतीवरून सर्वांत लांब उतरण्याचा तो विक्रम म्हणून नोंदला गेला. मला या विक्रमात आवडतं ते हे, की त्यात नाव एकाचं नाही. चोवीस जण गेले आणि चोवीस जण जमिनीवर पोचले.

स्टॉपवॉच नसलेले

आता ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्यांच्याकडे येतो. मुंबईत आमच्या सोसायटीला दर काही वर्षांनी रंग लागायचा. गच्चीवरून दोन दोर सोडलेले, त्याला झोपाळ्यासारखी फळी, फळीवर बादली आणि माणूस. कमरेला कधी दोर असायचा, कधी नसायचा. सातव्या मजल्यावर तो खिडकीशी आला की आई त्याला पाणी द्यायची. आतून ग्लास पुढे करताना तिचा हात थरथरायचा, त्याचा नाही. तो रोज चढायचा आणि रोज उतरायचा. माझ्या पाहण्यात दोराने सर्वांत जास्त इमारती उतरलेला माणूस तोच. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही.

इथे युरोपात या कामाला 'रोप ॲक्सेस' म्हणतात. १९८० च्या दशकात गुहा धुंडाळणाऱ्या आणि गिर्यारोहण करणाऱ्या लोकांनी आपलं तंत्र उत्तर समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर नेलं आणि त्यातून त्याचे नियम तयार झाले. मुख्य नियम साधा आहे. दोर नेहमी दोन, दोघांचे अँकर वेगळे. एक कामाचा, एक जिवाचा. पहिला तुटला तर दुसरा. डब्लिनमध्ये काचेच्या इमारती पुसणारी माणसं बघा, प्रत्येकाच्या मागे तो दुसरा दोर सैल लोंबत असतो. काहीही काम न करणारा तो दोर म्हणजेच सगळा नियम आहे. आम्ही सर्व्हरला बॅकअप ठेवतो आणि त्याला मोठं नाव देतो, यांचा बॅकअप श्वास घेणाऱ्या माणसाचा असतो.

म्हणून मला लिबर्टी हॉलबद्दलचा आमचा विनोद नंतर जरा फिका वाटला. ही इमारत एका कामगार संघटनेची आहे. याच जागेवरच्या जुन्या लिबर्टी हॉलमधून १९१३ च्या टाळेबंदीत डब्लिनच्या कामगारांचा लढा चालला, आणि १९१६ च्या उठावाचा जाहीरनामा तिथेच छापला गेला. डब्लिनची पहिली उंच इमारत बँकेने किंवा हॉटेलने नव्हे, कामगारांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संघटनेने उभारली. तिच्यावरून कोणी किती सेकंदांत उतरू शकेल याच्यापेक्षा, तिच्या खिडक्या पुसणारा संध्याकाळी घरी पोचतो का, हा प्रश्न त्या जागेला जास्त शोभतो.

शेवटचं सांगतो. मागच्या वर्षी आमच्या ऑफिसातले काही जण इथल्या एका संस्थेच्या मदतनिधीसाठी एका इमारतीवरून दोराने उतरले. लोणावळ्यानंतर पहिल्यांदाच मी हार्नेस चढवला. माझ्या मागे आमच्या टीममधली नवीन लागलेली मुलगी होती, भीतीने पांढरी पडलेली. वर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला कुणीतरी विचारलं, आजवर सर्वांत फास्ट कोण उतरलं? तो दोन्ही दोर तपासत होता. मान वर न करता म्हणाला, "ते मी लिहून ठेवत नाही. किती जण उतरले तेवढं लिहितो."

मी अगदी सावकाश उतरलो. अर्ध्यावर थांबलोसुद्धा नाही, एकसारखा, कंटाळवाणा. खाली पोचल्यावर उतरणीला हात लावून बघितला. कोमट होती. मग वर बघितलं, ती मुलगी काठावरून मागे झुकत होती, आणि दोर तिच्यासाठी जसाच्या तसा होता.

कळावे, लोभ असावा.

आपलाच,
एक डब्लिनकर